फोटो उजळा, पण अंधार चिरडू नका

चोपड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत मांडव, हळद आणि वरात. लग्नं थांबली आणि आभाळ स्वच्छ असलं की त्याच कॅमेऱ्याने तेजोमेघ आणि दीर्घिका. अमळनेर, धरणगाव, शिरपूरकडची पोरं आपापले फोटो दाखवायला येतात. त्यांनी ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घेतलेला असतो, पौषातल्या थंडीत शेतात उभं राहून दोन-अडीच तासांच्या फ्रेम गोळा केलेल्या असतात, आणि चित्रात मात्र मृगातल्या तेजोमेघाच्या जागी एक पांढरा डाग आणि त्याच्याभोवती नुसता काळा रंग. "नाना, मना फोटो इतला काया का बरं दिखस?" असं विचारतात. स्टॅक केलेली, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून बनवलेली मूळ फाईल उघडली की दिसतं, तेजोमेघाचे दोन्ही पंख, धूळ, रंग, सगळं तिच्यात आहे. ते प्रोसेसिंग करताना पुसलं गेलेलं असतं.

कारण बहुतेक वेळा एकच. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा काळा कोट काळाच दिसला पाहिजे, म्हणून आपण लेव्हल्समधला काळा बिंदू, म्हणजे ज्याच्या खालचं सगळं पूर्ण काळं होतं ती पातळी, उजवीकडे सरकवतो आणि फोटोला उठाव येतो. मोबाइलमधली ॲपही तेच करतात. आकाशाच्या फोटोत ही सवय घात करते. १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. समजा, तुमच्या फ्रेममध्ये मोकळं आकाश २,५०० वर बसलं आहे. तेजोमेघाची बाहेरची विरळ किनार त्याच्या जेमतेम ३०-४० पायऱ्या वर असते. काळा बिंदू आकाशाच्या थोडा जरी वर नेला की ती किनार गेली. नंतर कितीही उजळा, परत येत नाही. पुढे जे सांगतो आहे ते सगळं या ३०-४० पायऱ्या सांभाळण्यासाठी.

माझं सामान सांगतो, म्हणजे आकड्यांचा हिशेब लागेल. कॅनन ७००डी, २०० मिमी लेन्स एफ/४ वर, आणि स्टार ॲडव्हेंचरर ट्रॅकर. या कॅमेऱ्याचा पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा. २०६.२६५ ला ४.३ ने गुणून २०० ने भागलं की एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे ४.४ विकलांचा तुकडा येतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). पूर्ण चौकट साधारण ६.४ बाय ४.३ अंशांची, ३ अंश लांबीची देवयानी दीर्घिका तिच्यात आरामात मावते. हा हिशेब एकदा करून वहीत लिहून ठेवा. पुढे प्लेट सॉल्व्हिंगला, म्हणजे चौकटीतले तारे सॉफ्टवेअरकडून ओळखून घ्यायला, फोकल लेंथ आणि पिक्सेलचा आकार टाकावा लागतो. शिवाय यापेक्षा बारीक तपशील आपल्या चित्रात असूच शकत नाही, हे कळलं की शार्पनिंगचा मोह आवरता येतो. सॉफ्टवेअर सगळी फुकटची: स्टॅक आणि ताणण्यासाठी सिरिल, पार्श्वभूमी समतल करायला ग्रॅक्सपर्ट, तारे वेगळे काढायला स्टारनेट आणि शेवटच्या जोडणीला गिम्प. पिक्सइनसाइट उत्तम आहे, पण विकत घ्यावं लागतं, आणि शिकण्याच्या काळात त्याच्यावाचून काही अडत नाही.

शेतात करायची कामं

प्रोसेसिंगमधली निम्मी डोकेदुखी शेतातच टाळता येते. चोपड्याहून आग्नेयेला जळगावचा उजेड आहे, नैऋत्येला अमळनेरचा, आणि उत्तरेला सातपुडा असल्यामुळे ती बाजू काळीभोर. म्हणून मी गावाबाहेर, अडावद-उनपदेवच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी कुणाच्या तरी मळ्यात विचारून उभा राहतो. शहादा-नंदुरबारकडच्यांना तोरणमाळ आहे, ११०० मीटरच्या वर, धूळ आणि धुकट खाली सोडून. चाळीसगावकडच्यांनी पाटणादेवीच्या परिसराचा विचार करावा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथलाच आहे, आणि तिथून आकाश बघताना मला त्याची आठवण होतेच. जंगलाच्या हद्दीत रात्री थांबायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

आपल्याकडे डार्क फ्रेमला, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या काळ्या फ्रेमला, पर्याय नाही. साध्या डीएसएलआरचा सेन्सर थंड ठेवण्याची सोय नसते, आणि सेन्सरची उष्णतेने होणारी गळती साधारण दर ६-७ अंशांना दुप्पट होते. जानेवारीत हात गोठतात तेव्हाच्या डार्क्स एप्रिलच्या रात्री चालत नाहीत, कारण एप्रिलमध्ये तापी खोऱ्यात मध्यरात्रीही वारा गरम असतो. तेव्हा काम संपल्यावर, त्याच जागी, त्याच आयएसओवर, तेवढ्याच वेळाच्या २०-३० फ्रेम लेन्सला झाकण लावून घ्या. घरी येऊन पंख्याखाली घेतलेल्या डार्क्सचं तापमान जुळत नाही. बायस म्हणजे झाकण लावून सगळ्यात वेगवान शटरच्या फ्रेम. त्या एकदा घेतल्या की त्याच आयएसओसाठी बरेच महिने चालतात.

फ्लॅट्सचा, म्हणजे एकसारख्या उजेडाच्या कोऱ्या फ्रेमचा, कंटाळा करणारे फार. पांढरं सुती कापड दोन पदरी करून लेन्सवर ताणून बांधा, पहाटेच्या उजळ आकाशाकडे कॅमेरा करा आणि हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा मधोमध येईल अशा २०-२५ फ्रेम घ्या. फोकसला हात लावायचा नाही, लेन्स काढायची नाही. लग्नात दिवसातून पाचदा लेन्स बदलणाऱ्याच्या सेन्सरवर धूळ असतेच, आणि चित्र ताणलं, म्हणजे अंधारे भाग उजळून वर आणले, की प्रत्येक कणाचं राखाडी वर्तुळ होऊन समोर येतं. कोपऱ्यातला काळोखही फ्लॅट्सनेच जातो. तो तसाच राहिला तर पुढे पार्श्वभूमी काढणारं सॉफ्टवेअर त्यालाच आकाश समजतं.

आणखी एक सवय लावून घ्या. दर ८-१० फ्रेमनंतर ट्रॅकरवरून चौकट थोडीशी, १०-१५ पिक्सेल, सरकवा. दर वेळी वेगळ्या दिशेला. याला डिदरिंग म्हणतात. सेन्सरचे गरम पिक्सेल मग प्रत्येक सरकवण्यानंतर ताऱ्यांच्या वेगळ्या बाजूला पडतात आणि स्टॅकमध्ये नाहीसे होतात. हे केलं नाही तर ताणलेल्या चित्रात एकाच दिशेने जाणारे तिरके ओरखडे दिसतात, आणि ते नंतर कशानेच निघत नाहीत.

स्टॅक

फ्रेम चौपट केल्या की खऱ्या उजेडाच्या मानाने नॉईज, म्हणजे चित्रातला रवाळपणा, निम्मा होतो. १६ फ्रेमने चौपट फायदा, ६४ ने आठपट. म्हणजे २ मिनिटांच्या ६० फ्रेमवरून पुढे लक्षात येण्यासारखा फरक हवा असेल तर आणखी एक-दोन रात्री घालवाव्या लागतात. विरळ धूळ दाखवायची असेल तर त्या घालवाच. कुठलीही प्रोसेसिंगची युक्ती त्याची जागा घेत नाही.

सिरिलसाठी एक फोल्डर करून त्यात चार फोल्डर करा: लाइट्स (आकाशाच्या फ्रेम), डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस. नावं इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान, शेवटच्या 'एस'सकट; नाहीतर स्क्रिप्ट चालत नाही. मग रंगीत कॅमेऱ्यासाठीची ओएससी प्रीप्रोसेसिंग स्क्रिप्ट चालवा. १८ मेगापिक्सेलची एक रंगीत फ्रेम ३२ बिटमध्ये २०० एमबीच्या वर जाते आणि मधल्या प्रत्येक टप्प्याची वेगळी प्रत तयार होते, म्हणून ६० फ्रेमसाठी ३०-४० जीबी जागा मोकळी ठेवा. स्टॅक होताना सिग्मा क्लिपिंगची पद्धत वापरली जाते. एखाद्या पिक्सेलची किंमत एकाच फ्रेममध्ये बाकीच्यांपेक्षा फार वेगळी असेल तर ती बाजूला टाकली जाते, त्यामुळे उपग्रहांच्या आणि विमानांच्या रेघांसाठी अख्खी फ्रेम फेकायची गरज नाही. ढग आलेल्या, तारे लांबट झालेल्या फ्रेम मात्र आधी काढा.

स्टॅक उघडला की पडदा जवळपास काळा दिसतो. घाबरू नका. चित्र अजून लिनियर आहे, म्हणजे सेन्सरवर जेवढा उजेड पडला त्याच प्रमाणात आकडे आहेत. खाली लिनियरच्या जागी ऑटोस्ट्रेच निवडा. ते फक्त दाखवण्यापुरतं ताणतं, फाईलला हात लावत नाही. चित्र गडद हिरवं दिसलं तर तिथलंच साखळीचं बटण सोडून तिन्ही रंग वेगवेगळे ताणू द्या.

ताणण्याआधी

कडा कापा, मग पार्श्वभूमीचा चढउतार काढा, मग रंग जुळवा. हा क्रम बदलू नका. डिदरिंगमुळे कडांना कमी फ्रेम मिळालेल्या असतात. ती पट्टी तशीच ठेवली तर पुढचं गणित बिघडतं.

पार्श्वभूमीच्या टप्प्यावर सगळ्यात जास्त थांबा. जळगावच्या उजेडाने चौकटीची खालची एक बाजू पिवळट असते, ती समतल करायची. सिरिलमध्ये आकाशावर नमुन्यांचे चौकोन पडतात. तेजोमेघावर, दीर्घिकेच्या आभेवर किंवा ठळक ताऱ्याच्या झळाळीवर पडलेला प्रत्येक चौकोन हाताने काढून टाका. देवयानीच्या बाबतीत तिची आभा डोळ्याला दिसते त्याच्या बरीच बाहेरपर्यंत असते, म्हणून भोवती मोकळी जागा सोडा. ग्रॅक्सपर्ट हे काम आपोआप करतं आणि चांगलं करतं. पण त्याने आकाश म्हणून जे वजा केलं ते चित्र उघडून बघता येतं, आणि ते बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्यात नुसता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाणारा उतार दिसला तर ठीक. त्यात तेजोमेघाचा आकार पुसट जरी दिसला तर सॉफ्टवेअर तुमचा तेजोमेघच कापून काढतं आहे. स्मूदिंग वाढवून परत करा. मृगाचा तो सगळा भाग धुळीने भरलेला आहे, तिथे हा धोका सगळ्यात जास्त.

रंगांसाठी आधी प्लेट सॉल्व्ह करायचं आणि मग फोटोमेट्रिक कलर कॅलिब्रेशन. चौकटीत कोणते तारे आहेत हे सॉफ्टवेअर ओळखतं, त्यांचे मोजलेले रंग यादीतून घेतं आणि त्यावरून तुमचा पांढरा ठरवतं. स्टुडिओत आपण नवरीच्या चेहऱ्यावरून व्हाइट बॅलन्स ठरवतो तसा इथे अंदाजाने ठरवू नका. मृगातले ठळक तारे, बेटलज्यूज तांबूस आणि रायजेल निळसर, आले की रंग जागेवर बसले असं समजावं.

साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे जो फिल्टर असतो तो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल उजेड बराचसा अडवतो. म्हणून आपला मृगातला तेजोमेघ गुलाबीकडे झुकतो आणि शेजारचा अश्वशीर्ष तेजोमेघ फिका येतो. तो लाल रंग सॅच्युरेशन वाढवून ओढून आणू नका. फिल्टर काढलेला जुना कॅमेरा वेगळा ठेवणं हा खरा उपाय. लग्नाचा कॅमेरा मॉडिफाय करू नका, त्वचेचे रंग जातात.

नॉईज कमी करायचा असेल तर तोही आत्ताच, ताणण्याआधी, आणि अर्ध्या ताकदीने. पूर्ण पुसलेलं आकाश प्लास्टिकसारखं दिसतं. थोडा रवाळपणा राहू द्या. पसरट झालेला तपशील गणिताने पुन्हा बारीक करणारं डीकॉन्व्होल्यूशन सिरिलमध्ये आहे, पण ४.४ विकलांच्या पिक्सेलला त्याचा उपयोग थोडाच. लांब फोकल लेंथची दुर्बीण असणाऱ्यांनी ते शिकावं.

ताणणं

आता खरं काम. आमच्याकडे खापरावरचे मांडे करणारी बाई पुरणाचा उंडा एका झटक्यात ओढत नाही. हातावर फिरवत, वजन तोलत, थोडा थोडा वाढवते, आणि म्हणून तो फाटत नाही. स्ट्रेच असाच करायचा.

सिरिलमधलं जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच मला सगळ्यात पसंत आहे, कारण उजेडाच्या कोणत्या पट्ट्यात ताण द्यायचा हे त्यात आपण ठरवतो. आधी तेजोमेघाच्या मध्यम उजेडाच्या भागावर छोटा चौकोन काढा आणि त्यावरून सिमेट्री पॉइंट घ्या. ताण तिथे जास्त बसतो आणि त्याच्यापासून दूर कमी होत जातो. लोकल इंटेन्सिटी सुरुवातीला मोठी, ५-६ च्या आसपास. मग स्ट्रेच फॅक्टर हळूहळू वाढवा, हिस्टोग्रामचा उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटायला लागला की लागू करा. पुन्हा सिमेट्री पॉइंट घ्या, या वेळी अधिक विरळ भागावर. पुन्हा थोडं. चार-पाच पायऱ्यांत चित्र उभं राहतं. गाभा पांढरा पडायला लागला तर हायलाइट प्रोटेक्शन खाली आणा, म्हणजे उजळ टोकाला फक्त सरळ रेषेत वाढ मिळते आणि रंग टिकतो.

प्रत्येक पायरीनंतर पार्श्वभूमी वर येते आणि चित्र धुरकट वाटायला लागतं. इथेच हात काळ्या बिंदूकडे जातो. तो सरकवायचा आहेच, पण हिस्टोग्रामच्या खिडकीत किती टक्के पिक्सेल काळ्यात बुडतात तो आकडा बघत. तो शून्य राहिला पाहिजे. उंचवट्याच्या डाव्या पायथ्याआधी थोडी रिकामी जागा दिसत असेल तेवढीच कापा. शेवटी पार्श्वभूमी २५५ पैकी २५ ते ३० च्या आसपास असावी. डोळ्याला ती गडद राखाडी दिसेल, काळी नाही, आणि तशीच बरोबर आहे. खऱ्या रात्रीचं आकाशही काळं नसतं. तोरणमाळला डोळे अंधाराला सरावल्यावर हात वर धरून बघा, आकाशापुढे हात काळा दिसतो.

खोली अंधारी करून हे काम करू नका. अंधारात डोळे विस्फारलेले असतात, चित्र पुरेसं उजळ वाटतं आणि सकाळी बघावं तर सगळं बुडालेलं. दिवसा, खिडकीचा उजेड पडद्यावर थेट येणार नाही असं बसून करा, आणि लॅपटॉपचा पडदा तिरका करून काळ्यांचा निर्णय घेऊ नका. कोन बदलला की स्वस्त पडद्यावर सावल्या बदलतात. प्रत्येक पायरीची ३२ बिट फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि तीन पायऱ्या मागे जायची गरजही पडते.

मृगाचा गाभा

मृगातला तेजोमेघ, एम ४२, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि सगळे त्याच्यापासूनच सुरुवात करतात. पण त्याचा गाभा इतका तेजस्वी आणि पंख इतके विरळ की एका वेळेच्या फ्रेममध्ये दोन्ही मावत नाहीत. २ मिनिटांच्या फ्रेममध्ये मधला ट्रॅपेझियम, म्हणजे चार ताऱ्यांचा पुंजका, पांढरा फटक पडतो, आणि रॉ फाईलमध्येच १६,३८३ ला टेकलेला पिक्सेल नंतर कुणी सोडवू शकत नाही. म्हणून त्याच रात्री ५ सेकंदांच्या ३०-४० आणि २० सेकंदांच्या तेवढ्याच फ्रेम घ्या. तिन्ही संच वेगवेगळे स्टॅक करा, एकाच चौकटीवर जुळवा, प्रत्येक आपापल्या परीने ताणा.

जोडणी गिम्पमध्ये. खाली मोठ्या वेळेचं चित्र, वर २० सेकंदांचं. वरच्या लेयरला मास्क द्या आणि मास्कमध्ये खालच्या चित्राची कृष्णधवल प्रत चिकटवा. मास्कवर कर्व्ह्ज लावून फक्त सगळ्यात उजळ भाग पांढरा उरेल असं करा, मग त्याच मास्कला ४०-६० पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या. जोडाची कडा दिसत असेल तर ब्लर वाढवा. गाभ्याभोवती राखाडी कडं दिसलं तर वरचं चित्र कमी ताणलं गेलं आहे. ५ सेकंदांचं चित्रही त्याच्यावर असंच, अधिक लहान मास्कने.

बरेच जण जोडताना गाभा इतका दाबतात की तो भोवतीच्या पंखांएवढाच उजळ राहतो. तपशील दिसतो, पण तेजोमेघ मेल्यासारखा वाटतो. गाभा हा त्या सगळ्याला उजळवणाऱ्या कोवळ्या ताऱ्यांचा भाग आहे. चित्रातही तोच सगळ्यात तेजस्वी असला पाहिजे, फक्त पांढरा फटक नको. २०० मिमीला ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. एक छोटी गाठ आणि तिच्याभोवती हिरवट-निळसर वायूचे पदर दिसले की झालं. तो हिरवट रंग खरा आहे, ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा. म्हणून हिरवा नॉईज काढायची आज्ञा पूर्ण जोरात चालवू नका. आकाशातला हिरवा नॉईजच असतो, पण गाभ्यातला हिरवा तेजोमेघाचा आहे.

तपशील खरा की बनवलेला

आता शार्पनिंग. सगळ्या चित्रावर एकसारखं शार्पनिंग हे लग्नाच्या अल्बममध्येही वाईट आणि इथे तर फारच. गिम्पमध्ये वेव्हलेट डीकंपोज आहे. ते चित्राचे बारीक ते मोठ्या तपशिलाप्रमाणे थर करतं. पहिल्या, सगळ्यात बारीक थरात मुख्यतः नॉईज असतो, त्याला हात लावू नका. दुसरा, तिसरा आणि चौथा थर थोडा वाढवा. धुळीच्या पट्ट्या, वायूच्या कडा तिथे असतात. हे फक्त उजेडावर करा, रंगावर नको, आणि त्याला चित्राच्याच कृष्णधवल प्रतीचा मास्क द्या, म्हणजे उजळ भागात शार्पनिंग लागेल आणि अंधाऱ्या आकाशात लागणार नाही. नॉईज रिडक्शनला हाच मास्क उलटा करून द्या. २५ लाख प्रकाशवर्षांवरच्या देवयानीतल्या धुळीच्या पट्ट्या या पद्धतीने सुरेख उठतात.

हल्ली एआयवर चालणारी साधनं बारीक पोत इतका छान आणतात की तो खरा आहे का हेच कळत नाही. यासाठी मी एक कसोटी वापरतो आणि सगळ्यांना आग्रहाने सांगतो. तुमच्या फ्रेम दोन भागांत वाटा, सम क्रमांकाच्या एकीकडे, विषम दुसरीकडे. दोन वेगळे स्टॅक करा आणि दोन्हींवर तंतोतंत तीच प्रक्रिया, तेच आकडे. मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वरचं दाखवा-लपवा करत बघा. जो वायूचा पदर, जी धुळीची रेघ दोन्हींत त्याच जागी आहे, ती आकाशातली. जी एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, ती नॉईजमधून सॉफ्टवेअरने घडवली. नॉईज प्रत्येक फ्रेममध्ये वेगळा पडतो, तेजोमेघ आपली जागा सोडत नाही. यात तासभर जातो, पण त्यानंतर तुम्ही आत्मविश्वासाने सांगू शकता की चित्रात दिसतं ते तिथे आहे. माझ्या लेखी या छंदातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. सुंदर चित्र कुणीही बनवू शकतं. आपण रात्रभर जागतो ते खरं चित्र मिळावं म्हणून.

स्ट्रेचआधी स्टारनेटने तारे वेगळे काढले तर तेजोमेघ मोकळेपणाने ताणता येतो आणि तारे फुगत नाहीत. तारे वेगळे, कमी ताणा, मग सिरिलच्या स्टार रीकॉम्पोझिशनमध्ये परत मिळवा. तारे काढलेल्या चित्रात ठळक ताऱ्यांच्या जागी डाग राहिलेत का ते १०० टक्क्यांवर तपासा, कारण शार्पनिंगनंतर ते डाग वायूच्या गाठी वाटायला लागतात. तारे परत मिळवताना फार बारीक करू नका. कृत्तिकेच्या चित्रात ताऱ्यांचं तेज गेलं तर त्यांच्या उजेडाने उजळलेली निळी धूळ निराधार दिसते. सॅच्युरेशन सगळ्यात शेवटी, उजळ भागाच्या मास्कमधून, थोडंच.

नवशिक्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कृत्तिका, देवयानी आणि एम ४२ घ्यावेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे धनु राशीतला एम ८ हा तेजोमेघ वर येतो. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मात्र आपल्याकडून दक्षिणेला जेमतेम २१ अंश वर येतो, म्हणजे शहरांच्या उजेडातच. त्याच्यासाठी दक्षिण बाजू अंधारी असलेली जागा शोधा आणि पार्श्वभूमी काढायला जास्त वेळ ठेवा. जून ते सप्टेंबर आभाळ बंद. ते महिने जुने स्टॅक पुन्हा उघडण्याचे. कच्च्या फायली म्हणूनच टाकू नका, साधनं दरवर्षी सुधारतात.

पाठवायचं असेल तर एक १६ बिट टिफ स्वतःसाठी ठेवा आणि एसआरजीबी जेपेग दुसऱ्यांसाठी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकला की दाबला जातो आणि गडद भागात चौकोन पडतात; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रिंट काढणार असाल तर कागदावर सावल्या पडद्यापेक्षा खोल बसतात, म्हणून प्रिंटच्या फाईलमध्ये पार्श्वभूमी आणखी ८-१० पायऱ्या वर घ्या. १२ बाय १८ काढण्याआधी गाभा आणि विरळ किनार दोन्ही येतील असा तुकडा ४ बाय ६ वर काढून दिवसाच्या उजेडात बघा. आणि लॅबला ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. ते मशीन प्रत्येक फोटोचा काळा बिंदू आपणहून ओढतं आणि एवढं जपलेलं सगळं एका झटक्यात काळं करून देतं. मी फाईलच्या नावातच 'नो करेक्शन' लिहून पाठवतो.